स्तनांची सोनोग्राफी

स्तनांची सोनोग्राफी ही श्राव्यातीत ध्वनिलहरींच्या साहाय्याने स्तन आणि काख यांच्या आतील ऊतींची चित्रे मिळवण्याची वैद्यकीय तपासणी आहे. हाताला लागलेली गाठ घन आहे की द्रवाने भरलेली, तिच्या कडा कशा आहेत, काखेतील लसीका ग्रंथी वाढल्या आहेत का, आणि पुढे सुईने ऊतीचा नमुना घ्यावा लागेल का, हे ठरवण्यासाठी ती प्रामुख्याने वापरतात. या तपासणीत क्ष-किरण वापरले जात नसल्याने गरोदर व स्तनदा स्त्रियांमध्येही ती निर्धोकपणे करता येते. महाराष्ट्रात ‘सोनोग्राफी’ हा शब्द गरोदरपणाशी इतका घट्ट जोडला गेला आहे की, छातीतील गाठीसाठी डॉक्टरांनी ती लिहून दिल्यावर अनेक कुटुंबांना प्रथम आश्चर्य वाटते. ही सांगड केवळ समजुतीची नाही. सोनोग्राफी यंत्रांवरील कायदेशीर नियंत्रणामुळे तिचा स्तनांच्या तपासणीच्या उपलब्धतेवरही परिणाम झाला आहे. त्याची चर्चा पुढे केली आहे.

पार्श्वभूमी

स्तनांचा कर्करोग हा भारतीय स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या २०२२ सालच्या अंदाजानुसार भारतात त्या वर्षी सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ९८ हजार स्त्रियांचा या आजाराने मृत्यू झाला. पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत भारतात हा आजार सरासरीने कमी वयात दिसतो, आणि निदान होईपर्यंत तो बऱ्याचदा पुढच्या टप्प्यात गेलेला असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशातील ३० ते ४९ वयोगटातील १ टक्क्याहूनही कमी स्त्रियांनी कर्करोगाच्या शक्यतेसाठी स्तनांची तपासणी कधीतरी करून घेतल्याचे सांगितले. म्हणजे बहुसंख्य स्त्रियांच्या बाबतीत निदानाची सुरुवात चाळणी तपासणीने होत नाही. अंघोळीच्या वेळी हाताला गाठ लागते, आणि तेथून ती सुरू होते.

अशा गाठींपैकी बहुतेक कर्करोगाच्या नसतात. तरुण मुलींमधील फायब्रोॲडिनोमा, चाळिशीच्या आसपास होणाऱ्या पाण्याच्या गाठी, स्तनपानाच्या काळातील दुधाच्या गाठी किंवा गळू ही नेहमीची कारणे आहेत. भारतात क्षयरोगामुळे स्तनात होणारी गाठही डॉक्टरांना विचारात घ्यावी लागते. ती तपासताना आणि चित्रातही कर्करोगासारखी भासू शकते. या सर्वांतून धोक्याची गाठ वेगळी काढणे हे सोनोग्राफीचे मुख्य काम आहे.

कार्यतत्त्व

माणसाच्या कानाला सुमारे २० किलोहर्ट्झपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो. स्तनांच्या तपासणीत वापरल्या जाणाऱ्या लहरींची वारंवारता त्याच्या शेकडो पटींनी जास्त, साधारणपणे ७ ते १५ मेगाहर्ट्झ किंवा त्याहून अधिक असते. प्रोब म्हणजे तज्ज्ञाच्या हातातील उपकरण. त्यात दाबविद्युत् गुणधर्म असलेल्या स्फटिकांची रांग असते. विद्युत दाब दिला की हे स्फटिक कंप पावून ध्वनी उत्पन्न करतात, आणि परतलेला ध्वनी त्यांच्यावर आदळला की पुन्हा विद्युत संकेत निर्माण होतो. या गुणधर्माचा शोध जाक व पिएर क्युरी या बंधूंनी १८८० मध्ये लावला होता.

मऊ ऊतींमधून ध्वनी सेकंदाला सुमारे १,५४० मीटर वेगाने जातो. चरबी, ग्रंथी, स्नायू, पाणी अशा वेगवेगळ्या माध्यमांच्या सीमेवर त्याचा काही भाग परावर्तित होतो. २ सेंटिमीटर खोलीवरून निघालेला प्रतिध्वनी सुमारे २६ मायक्रोसेकंदांत परत येतो. या वेळेवरून यंत्र खोली ठरवते, आणि प्रतिध्वनीच्या तीव्रतेवरून त्या ठिकाणचा ठिपका किती उजळ दाखवायचा हे ठरवते. असे असंख्य ठिपके मिळून पडद्यावर करड्या छटांचे हलते चित्र तयार होते. हवेतून या लहरी जवळजवळ जातच नाहीत. म्हणून त्वचा आणि प्रोब यांच्यामध्ये हवेचा थर राहू नये यासाठी जेल लावतात. रुग्णाच्या लक्षात राहणारा गार स्पर्श याच जेलचा.

वारंवारता वाढवली की बारीक तपशील दिसतात, पण लहरी खोलवर पोहोचत नाहीत. १० मेगाहर्ट्झ वारंवारतेला तरंगलांबी सुमारे ०.१५ मिलिमीटर असते. स्तन हा शरीराच्या पृष्ठभागालगतचा अवयव असल्याने येथे उच्च वारंवारता परवडते. पोटाच्या तपासणीसाठीचा वक्र, कमी वारंवारतेचा प्रोब या कामाला योग्य नाही. त्यामुळे एखाद्या केंद्रात सोनोग्राफीचे यंत्र आहे एवढ्यावरून तेथे स्तनांची तपासणी चांगली होईल असे म्हणता येत नाही. योग्य सरळ प्रोब आणि तो वापरण्याचा सराव, दोन्ही असावे लागतात.

इतिहास

श्राव्यातीत ध्वनीच्या वैद्यकीय वापराच्या इतिहासात स्तनांना अगदी आरंभीचे स्थान आहे. मूळचे इंग्लंडचे शल्यचिकित्सक जॉन वाइल्ड यांनी अमेरिकेतील मिनियापोलिस येथे दुसऱ्या महायुद्धानंतर नौदलाच्या रडार प्रशिक्षण यंत्रावर ऊतींचे प्रयोग केले. हे यंत्र १५ मेगाहर्ट्झवर चालत असे. पुढे अभियंता जॉन रीड यांच्याबरोबर त्यांनी हातात धरण्याचे उपकरण तयार केले, आणि १९५२ मध्ये जिवंत रुग्णांच्या स्तनांतील गाठींची चित्रे प्रसिद्ध केली. कर्करोगाच्या गाठी व साध्या गाठी वेगळे प्रतिध्वनी देतात, हा त्यांचा दावा होता.

तरीही त्यानंतर बराच काळ या तपासणीचे काम गाठ घन की द्रवयुक्त एवढे सांगण्यापुरते मर्यादित होते. घन गाठ दिसली की ती कापून काढायची, अशी रीत होती. १९९५ मध्ये ए. थॉमस स्टॅव्हरोस व त्यांच्या सहकाऱ्यांनी ७५० घन गाठींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी १२५ कर्करोगाच्या होत्या. ठरावीक लक्षणांच्या आधारे सौम्य ठरवलेल्या गाठींपैकी केवळ २ गाठी ऊतक-परीक्षणात कर्करोगाच्या निघाल्या. घन गाठींमध्येही भेद करता येतो, हे या कामाने प्रस्थापित झाले. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजी या संस्थेने मॅमोग्राफीसाठी तयार केलेल्या ‘बाय-रॅड्स’ या अहवाल पद्धतीत २००३ मध्ये सोनोग्राफीचा समावेश केला. आज भारतातील अहवालांतही हीच पद्धत सर्रास दिसते.

तपासणीची पद्धत

रुग्ण उताणी किंवा किंचित कुशीवर झोपते आणि तपासणीच्या बाजूचा हात डोक्याखाली घेते. त्यामुळे स्तन छातीवर सपाट पसरतो आणि ऊतींची जाडी कमी होते. तज्ज्ञ प्रोब फिरवून संपूर्ण स्तन व काख पाहतात. गाठ हाताला लागली असेल तर तिच्यावर बोट ठेवून नेमकी तीच जागा पडद्यावर शोधतात. उपाशीपोटी राहण्याची किंवा पोट व ओटीपोटाच्या सोनोग्राफीप्रमाणे पाणी पिऊन लघवी रोखण्याची गरज नसते. तपासणी दुखत नाही. जुने अहवाल व मॅमोग्राफीच्या प्रती बरोबर नेणे मात्र फार उपयोगाचे असते, कारण दोन वर्षांपूर्वी होती तेवढीच राहिलेली गाठ आणि नव्याने आलेली गाठ यांचे मूल्यमापन वेगळे होते.

अहवालात जागा घड्याळाच्या भाषेत लिहितात. ‘उजवा स्तन, १० वाजता, स्तनाग्रापासून ३ सेंटिमीटर’ असे लिहिले असेल तर पुढच्या डॉक्टरला ती गाठ पुन्हा सापडते. ज्या अहवालात अशी नोंद नाही, तो वाचणाऱ्याच्या फारसा कामाचा नसतो.

चित्राचा अर्थ

साधी पाण्याची गाठ पूर्ण काळी, गोलसर आणि पातळ कडेची दिसते, आणि तिच्या मागचा भाग उजळतो, कारण द्रवातून जाताना ध्वनी फारसा क्षीण होत नाही. अशा गाठीला सहसा कोणत्याही उपचाराची गरज नसते. फायब्रोॲडिनोमा लंबगोल, स्वच्छ कडेचा आणि त्वचेला समांतर आडवा पसरलेला असतो. कर्करोगाची गाठ बहुधा वेडीवाकडी, अस्पष्ट किंवा काटेरी कडेची असते. ती रुंदीपेक्षा उंचीने जास्त असू शकते, म्हणजे ऊतींचे नैसर्गिक थर ओलांडून वाढते, आणि तिच्यामागे काळी सावली पडते.

हे नियम उपयुक्त असले तरी अपवादांविना नाहीत. ‘ट्रिपल निगेटिव्ह’ या आक्रमक प्रकारातील काही गाठी गोल, स्वच्छ कडेच्या आणि मागे उजळ अशा, थेट फायब्रोॲडिनोमासारख्या दिसतात. भारतीय रुग्णांत या प्रकाराचे प्रमाण तुलनेने जास्त नोंदवले गेले आहे. म्हणून नव्याने आलेली किंवा झपाट्याने वाढणारी गाठ चित्रात सौम्य दिसली तरी तिला केवळ चित्राच्या भरवशावर सोडून देणे योग्य मानले जात नाही.

बाय-रॅड्स पद्धतीत निष्कर्ष ० ते ६ या श्रेणींत मांडतात. सामान्य वाचकाच्या दृष्टीने यातील ३, ४ व ५ महत्त्वाच्या आहेत. श्रेणी ३ म्हणजे कर्करोगाची शक्यता २ टक्के किंवा त्याहून कमी. अशा वेळी सहसा ६ महिन्यांनी पुन्हा तपासणी सांगतात. श्रेणी ४ चा पल्ला फार मोठा आहे, २ टक्क्यांच्या पुढून ९५ टक्क्यांच्या आतपर्यंत. त्यामुळे तिचे अ, ब, क असे उपविभाग करतात. श्रेणी ५ मध्ये शक्यता ९५ टक्के किंवा अधिक असते. श्रेणी ४ व ५ मध्ये ऊतक-परीक्षण सुचवतात. श्रेणीचा आकडा आणि कर्करोगाचा टप्पा यांत अनेकदा गल्लत होते. अहवालावर ‘४’ पाहून कर्करोग चौथ्या टप्प्यात गेला असे समजणे पूर्णपणे चुकीचे आहे. त्या क्षणी कर्करोग आहे की नाही हेच ठरलेले नसते.

सुईच्या साहाय्याने नमुना

चित्र कितीही बोलके असले तरी कर्करोगाचे अंतिम निदान सूक्ष्मदर्शकाखालीच होते. सोनोग्राफीचा बहुधा सर्वांत मोठा उपयोग येथेच होतो. पडद्यावर सुई आणि गाठ दोन्ही एकाच वेळी दिसत असल्याने नमुना नेमक्या जागेवरून घेता येतो. स्थानिक भूल देऊन, सामान्यतः १४ गेज जाडीच्या सुईने ऊतीच्या बारीक सळ्यांसारखे काही तुकडे घेतात. याला कोअर बायोप्सी म्हणतात. बारीक सुईने केवळ पेशी ओढून घेण्याची पद्धत स्वस्त व झटपट असली तरी तिच्यावरून कर्करोग आजूबाजूच्या ऊतीत शिरला आहे का हे सांगता येत नाही, आणि उपचार ठरवण्यासाठी लागणाऱ्या संप्रेरकग्राही व हर-२ या चाचण्यांना कोअर नमुना अधिक भरवशाचा ठरतो. काखेतील संशयित ग्रंथीचा नमुनाही याच रीतीने घेतात. स्तनपानाच्या काळातील गळवातील पू सोनोग्राफीच्या साहाय्याने सुईने काढल्यास बऱ्याचदा चीर घेणे टळते.

‘सुई टोचली की गाठ पसरते’ ही समजूत महाराष्ट्रात गावात आणि शहरात सारखीच घट्ट आहे. बायोप्सीमुळे रुग्णाचे आयुष्य कमी होते असे आढळलेले नाही. उलट, निदान न करता गाठ अर्धवट कापून काढल्याने पुढचे उपचार अवघड होतात. या भीतीपोटी वाया जाणारे महिने मात्र आजाराला पुढे नेतात.

मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी

या दोन तपासण्या एकमेकींचे पर्याय नाहीत. मॅमोग्राफीत दिसणारे चुन्याचे अतिसूक्ष्म कण, जे दुग्धनलिकांपुरत्या मर्यादित असलेल्या आरंभीच्या कर्करोगाची एकमेव खूण असू शकतात, ते सोनोग्राफीत बहुधा निसटतात. याउलट दाट ग्रंथीमय स्तन मॅमोग्राफीत पांढरे दिसतात आणि पांढरी गाठ त्यांत लपून जाते. सोनोग्राफीत तीच गाठ उजळ पार्श्वभूमीवर काळी उठून दिसते. तरुण स्त्रियांचे स्तन बहुधा दाट असतात. म्हणून ३० वर्षांखालील स्त्रीला गाठ लागल्यास प्रथम सोनोग्राफी करतात, आणि चाळिशीनंतर मॅमोग्राफी व सोनोग्राफी दोन्ही करण्याचा प्रघात आहे.

लक्षणे नसलेल्या स्त्रियांची चाळणी तपासणी केवळ सोनोग्राफीने करावी का, हा प्रश्न वेगळा आहे. जपानमधील ‘जे-स्टार्ट’ या अभ्यासात ४० ते ४९ वयोगटातील ७२,९९८ स्त्रियांचा समावेश होता. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मॅमोग्राफीला सोनोग्राफीची जोड दिल्यावर कर्करोग पकडण्याची क्षमता ७७ टक्क्यांवरून ९१.१ टक्क्यांवर गेली. पण निरोगी स्त्रीला निरोगी ठरवण्याचे प्रमाण ९१.४ वरून ८७.७ टक्क्यांवर घसरले, म्हणजे अधिक स्त्रियांना विनाकारण पुढच्या तपासण्यांना सामोरे जावे लागले. त्या अहवालात मृत्यूंबाबतचा निष्कर्ष नव्हता.

मुंबईतील अभ्यास

भारतात या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न मुंबईत झाला, आणि त्यात सुरुवातीला कोणतेही यंत्र नव्हते. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईतील झोपडवस्त्यांमध्ये ३५ ते ६४ वयोगटातील १,५१,५३८ स्त्रियांचा अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने स्तनांची तपासणी करत आणि संशय आल्यास स्त्रीला पुढील निदानासाठी रुग्णालयात पाठवत. इंद्रनील मित्रा व सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार तपासणी झालेल्या गटात तिसऱ्या व चौथ्या टप्प्यातील रुग्णांचे प्रमाण ३७ टक्के, तर दुसऱ्या गटात ४७ टक्के होते. एकूण मृत्यूंतील १५ टक्क्यांची घट संख्याशास्त्रीयदृष्ट्या निर्णायक नव्हती. ५० वर्षांवरील स्त्रियांत मात्र ती सुमारे ३० टक्के होती.

भारताच्या राष्ट्रीय कार्यक्रमातही ३० ते ६५ वयोगटातील स्त्रियांची हाताने तपासणी, हाच पहिला टप्पा आहे. सोनोग्राफी त्यानंतर येते. म्हणजे आरोग्यसेविकेच्या हाताला जे लागते ते किती लवकर यंत्राखाली आणि मग सुईखाली जाते, यावर कार्यक्रमाचे यश अवलंबून राहते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ मधील उपक्रमाने ही मर्यादा ६० दिवस ठेवली आहे: पहिल्या भेटीपासून निदानापर्यंत.

वसई-विरार व पालघर जिल्हा

हे ६० दिवस कसे खर्ची पडतात, याचे उदाहरण म्हणून मुंबईच्या उत्तरेकडील हा भाग पाहण्यासारखा आहे. वसई-विरार शहर महानगरपालिका ३ जुलै २००९ रोजी अस्तित्वात आली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२ लाखांवर होती. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यापासून वेगळा झाला. जिल्ह्याच्या ८ तालुक्यांपैकी वसई दाट शहरी आहे, तर जव्हार, मोखाडा, विक्रमगड हे डोंगराळ आदिवासी तालुके आहेत.

वसई, नालासोपारा, विरार येथील स्त्रीला खासगी सोनोग्राफी केंद्र सहसा रिक्षाच्या अंतरावर मिळते. मात्र कर्करोगाच्या पूर्ण निदानासाठी व उपचारांसाठी परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाकडे जाण्याचा प्रघात आहे, आणि गर्दीच्या वेळची विरार लोकल हा त्या वाटेचा भाग असतो. तपासणी, बायोप्सी, अहवाल अशा प्रत्येक पायरीसाठी वेगळी फेरी पडली, तर रोजंदारीवर किंवा घरकामावर जाणाऱ्या स्त्रीचे तितके दिवस बुडतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या उपचारांचा समावेश आहे. पण योजनेचा भर रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांवर असल्याने निदानापूर्वीचा खर्च बऱ्याचदा कुटुंबालाच करावा लागतो. पहिल्या गावात सोनोग्राफी व कोअर बायोप्सी एकाच भेटीत झाली तर निम्म्या फेऱ्या वाचू शकतात.

पुरुष तज्ज्ञाकडून तपासणी करून घेण्याचा संकोच हे विलंबाचे आणखी एक कारण आहे. तपासणीच्या वेळी स्त्री कर्मचारी हजर ठेवणे ही अपेक्षित पद्धत आहे, आणि रुग्ण तशी मागणी करू शकते.

कायदेशीर बाजू

गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात सर्वप्रथम केला. त्यानंतर १९९४ चा केंद्रीय कायदा आला आणि २००३ मध्ये तो अधिक कडक झाला. गर्भाचे लिंग ओळखू शकणारे प्रत्येक यंत्र व केंद्र यांची नोंदणी बंधनकारक आहे, आणि महानगरपालिका क्षेत्रात पालिकेचे आरोग्य अधिकारी समुचित प्राधिकारी म्हणून काम पाहतात. स्तनांसाठी घेतलेले यंत्र प्रोब बदलताच गर्भाची तपासणी करू शकते, त्यामुळे तेही या चौकटीत येते. गरोदर स्त्रीसाठी भरावा लागणारा ‘एफ’ नमुना स्तनांच्या तपासणीला लागू होत नाही.

२०१२ मधील नियमदुरुस्तीने हलवता येणाऱ्या यंत्रांचा वापर नोंदणीकृत रुग्णालयाच्या आवारापुरता किंवा इतर आरोग्यसेवा देणाऱ्या फिरत्या वैद्यकीय पथकापुरता मर्यादित केला. एका तज्ज्ञाला एका जिल्ह्यात दोनच केंद्रांत काम करता येते. मुलींचे घटते प्रमाण पाहता या नियमांमागील कारण निर्विवाद आहे. पण मोखाड्यातील एखाद्या पाड्यावर स्तन तपासणीचे शिबिर घ्यायचे झाले, तर पिशवीत मावणारे यंत्र घेऊन तज्ज्ञाला तेथे जाता येत नाही. स्त्रीलाच डोंगर उतरून यावे लागते. केवळ सरळ, उच्च वारंवारतेचा प्रोब जोडता येईल आणि गर्भ दाखवू शकणार नाही अशा यंत्रांना वेगळी वागणूक द्यावी, असे मत काही तज्ज्ञ मांडतात. त्यावर आक्षेप असा की, प्रोब बदलता न येण्याची खात्री यंत्राच्या रचनेतच असल्याशिवाय अशी सवलत देणे धोक्याचे ठरेल.